सहीपासून पात्रापर्यंत: ग्राफिटीतून म्युरल आणि इलस्ट्रेशनकडे वळणाऱ्यांसाठी

डोंबिवलीत आमच्या सोसायटीमागे नाला आहे. सोळाव्या वर्षी त्याच्या भिंतीवर मी पहिल्यांदा स्प्रे मारला आणि एकच अक्षर लिहिलं: ढ. शाळेत मागच्या बाकावरच्या मुलांना जे अक्षर चिकटवतात, तेच मी सही म्हणून घेतलं. पुढची चार वर्षं मी तेवढंच लिहीत होते. जाड, बारीक, फुगवलेलं, सावली दिलेलं.

नाल्याच्या तोंडाशी एक भाजीवाल्या मावशी बसायच्या. त्यांनी एकदा विचारलं, "कोणाला ढ म्हणतेस गं?" त्यांना वाटलं, मी कुणाला तरी चिडवतेय. मला उत्तर देता आलं नाही. काही महिन्यांनी मी त्याच अक्षराला डोळे काढले आणि पोटाशी दप्तर दिलं. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "पोरगी उपाशी दिसते. डब्यात काय दिलंस तिला?" त्या दिवसापासून मी पात्रं काढते. आता भिंती रंगवणं आणि अंक-पुस्तकांसाठी चित्रं काढणं यावरच माझं घर चालतं.

ग्राफिटी, म्हणजे भिंतीवर स्प्रेने सह्या करणं, ते म्युरल, म्हणजे मोठी भित्तिचित्रं, ही मधली वाट मी चाचपडत काढली. तुमची वर्षं तशी जाऊ नयेत म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं मुंबई परिसरातली आहेत, पण पुणे, नाशिक, कोल्हापूरलाही फार फरक पडणार नाही.

१. अक्षर टाकून देऊ नका, त्यातूनच पात्र काढा

पात्र काढायचं ठरलं की पहिली चूक हीच होते: आजवरची सही बाजूला ठेवायची आणि इंटरनेटवर पात्रं शोधत बसायचं. तुमच्या हाताला हजार वेळा लिहून जे वळण लागलंय, ते दुसऱ्या कुणाकडे नाही.

परदेशी ग्राफिटी बघून शिकलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, देवनागरी अक्षरं वरच्या रेषेला लटकतात. मला हे उमगलं ते लोकलच्या गर्दीत. शिरोरेखा म्हणजे डब्यातली कड्यांची दांडी. ढची वरची आखूड दांडी म्हणजे कडी धरलेला हात, खालचा गोल म्हणजे बाक आलेली पाठ, आणि आत वळलेलं टोक म्हणजे गर्दीत पुढे घेतलेलं दप्तर. डोंबिवलीहून सकाळी ८ वाजता निघणारी कुठलीही बाई डोळ्यांसमोर आणा, ती अशीच उभी असते. माझं पात्र अक्षरातच होतं, मला ते चार वर्षं दिसलं नव्हतं.

तुमच्या सहीतलं एक अक्षर घ्या आणि त्याची २० छोटी चित्रं काढा. प्रत्येकात तीनच प्रश्न विचारा: वजन कुठे आहे, हात कुठला, हे कशाला धरून आहे किंवा कशावर टेकलंय? काना पाय होतो, वेलांटी शेंडी होते, उकार शेपूट होतो. वीसपैकी अठरा फुकट जातील. ती जपून ठेवा, पुढे गर्दीचं चित्र काढताना हीच माणसं कामाला येतात.

२. एकच पात्र, वर्षभर

नवीन मुलं दर आठवड्याला नवं पात्र काढतात. मी सांगेन, वर्षभर एकच काढा. त्याला चालवा, झोपवा, रडवा, पावसात भिजवा.

पात्र उभं राहिलं की नाही हे बघायला ते आतून पूर्ण काळं भरा. नुसत्या काळ्या आकारावरून ओळखू आलं तर ठीक, नाहीतर परत वहीकडे. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आठवा. धोतर, चौकड्यांचा कोट, टकलाच्या दोन्ही बाजूंना उडालेले केस. वरळी सी फेसवर त्याचा पुतळा आहे, पाठमोरा बघितला तरी चुकत नाही. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची माणसं बघायची असतील तर कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये जा, भिंतीच्या भिंती भरल्या आहेत. ती माणसं मुळात कागदावरची. कागदासाठी घडलेलं पात्र भिंतीवर चढताना रेषा कशी टिकवतं, हे तिथे चहा पिताना शिकायला मिळतं. उलट्या दिशेचं उदाहरण ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या ओस जेमिओस या जुळ्या भावांचं. १९८० च्या दशकात ते ग्राफिटी करायला लागले, आणि आज त्यांची पिवळ्या कातडीची माणसं बघितली की सही शोधावी लागत नाही.

पात्र पक्कं झालं की एका कागदावर त्याचे नियम लिहा: डोकं शरीराच्या कितव्या हिश्शाचं, रंग कोणते (चारपेक्षा जास्त नकोत), कोणती गोष्ट कधीच बदलत नाही. माझ्या ढचं दप्तर कधी पाठीवर जात नाही.

इथला सापळा म्हणजे सिनेनटांचे चेहरे आणि प्रसिद्ध कार्टून. गिऱ्हाईक तेच मागतं, पैसेही पटकन देतं. पण जपानी किंवा अमेरिकन कंपनीचं पात्र कॅफेच्या भिंतीवर काढणं म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता वापरणं, आणि त्या भिंतीसमोर उभं राहणारा माणूस तुमचं नाव विचारत नाही. सिनेमाची चित्रं काढायचीच असतील तर वांद्र्यात रंजित दहिया यांचं काम बघून या. रिक्लेमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये काढलेले दादासाहेब फाळके हे नुसतं चेहऱ्याची नक्कल करणं नव्हे.

३. भिंत मिळवा, कागदावर

चोरून लिहिण्याचे दिवस मी नाकारत नाही, हात तिथेच बसला. पण मोठं चित्र अर्धा तासात होत नाही. त्याला चार-पाच दिवस लागतात, आणि चार-पाच दिवस चोरून उभं राहता येत नाही. कायदाही माहीत असू द्या. मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्धचा राज्याचा १९९५ चा कायदा आहे, त्यात दंडही आहे आणि तुरुंगवासही. रेल्वेची हद्द तर पूर्ण सोडा. नुसतं विनापरवाना आत शिरलात तरी १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. रुळांजवळच्या भिंतीचा मोह मलाही व्हायचा, आता तिथे कुणी जायला निघालं तर मी अडवते.

पहिली भिंत ओळखीची घ्या: शाळा, वाचनालय, पिठाची गिरणी, मामाचं गॅरेज. सोबत लागणारे कागद:

- भिंतीच्या मालकाचं सहीचं पत्र. सोसायटी असेल तर कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत. एकट्या सेक्रेटरीच्या तोंडी "करा हो" वर काम सुरू करू नका.
- अंतिम रंगीत स्केच, त्यावर मालकाची सही आणि तारीख.
- भिंत रस्त्यालगत किंवा सार्वजनिक असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयाची (पुण्यात क्षेत्रीय कार्यालयाची) परवानगी.
- स्थानिक पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच. परांची फुटपाथवर येणार असेल तर वाहतूक पोलिसांनाही कळवा.
- आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक, पैसे मिळणार असतील तर.

या सगळ्याची एक फाईल आणि फोनमध्ये फोटो. गस्तीची गाडी थांबली की फाईल पुढे करायची, शांतपणे. इमारत वारसा यादीत असेल तर नादी लागू नका. तिथली परवानगी वेगळी असते आणि वेळ खाते.

पैसे नसतील तर सामूहिक प्रकल्पात हात लावायला जा. २००९ मध्ये तुळशी पाइप रोडची भिंत 'द वॉल प्रोजेक्ट'मधून अनेक हातांनी मिळून रंगवली होती. २०१७ मध्ये स्टार्ट इंडिया फाउंडेशनने ससून डॉकवर कला प्रकल्प केला, पुढे माहीम पूर्वेच्या इमारतींवरही चित्रं आली. अशा ठिकाणी स्वतःचं चित्र मिळेलच असं नाही, पण दुसऱ्याच्या चित्रात सपाट रंग भरताना जे हाताला कळतं ते वर्गात कळत नाही.

४. भिंत वाचायला शिका

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण मी इथेच मार खाल्ला. माझं पहिलं पैशांचं काम म्हणजे एका कॅफेची मागची भिंत, मे महिन्यात. भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती. जुलैत मालकांचा फोन आला. ढचा अर्धा चेहरा पापुद्र्यांसकट खाली पडला होता. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर होतं, ओल आतून येत होती. उन्हाळ्यात ती दिसली नाही, पावसात फुगली. दिवाळीनंतर ती भिंत मी स्वतःच्या पैशांनी पुन्हा केली.

म्हणून आधी हे करा:

तळहात घासा. पांढरी भुकटी लागली तर खाली चुना आहे किंवा जुना रंग भुसभुशीत झालाय. तो खरवडल्याशिवाय वरचं काही टिकणार नाही. चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग सोबत आला तर तोच निकाल. पांढरट क्षार फुटलेले दिसले, म्हणजे लोणा लागलेला असेल, तर आधी पाणी कुठून येतंय ते गवंड्याला दाखवा. वर कितीही महाग रंग मारलात तरी लोणा त्याला ढकलून बाहेर येतो. भिंतीच्या पलीकडे काय आहे, वर गच्चीचा पाइप कुठे उतरतो, तेही बघा. शेवाळ असेल तर तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण वाळू द्या. नवीन गिलावा असेल तर किमान २८ दिवस थांबा.

मग भिंत तीन वेळा बघायला जा: सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी सातला. सकाळी मोकळी दिसणारी भिंत संध्याकाळी टेम्पोच्या मागे गायब होते. पश्चिमेचं ऊन थेट येत असेल तर भडक गुलाबी, लिंबू पिवळा, नारिंगी यांच्यावर चित्र उभं करू नका, हे सगळ्यात आधी उडतात. गेरू, पिवळी माती, काळा हे वर्षानुवर्षं राहतात. खालचे दोन-तीन फूट पानाच्या पिचकाऱ्यांचे, सायकलींचे आणि चिखलाचे. तिथे गडद रंग किंवा नक्षी घ्या, चेहरा नको.

काम ऑक्टोबर ते मे. पावसाळा संपल्यावरही भिंतीला दोन-तीन आठवडे वाळू द्या.

५. सामान

- बाहेरच्या भिंतीचं प्रायमर आणि बाहेरच्याच दर्जाचं अॅक्रिलिक इमल्शन. डिस्टेंपर स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, ते बाहेर टिकत नाही.
- स्टेनर, म्हणजे पांढऱ्यात मिसळायचे रंग. लागणारी छटा एकाच वेळी बादलीभर बनवा, संपल्यावर तीच छटा परत जमत नाही.
- रोलर, लांब दांडा, १, २ आणि ४ इंची ब्रश, रेषेसाठी एक चांगला गोल ब्रश.
- स्प्रे कॅन आणि वेगवेगळ्या टोप्या, म्हणजे रंग फवारणारी तोंडं.
- लाइनदोरी, ओळंबा, खडू, मास्किंग टेप, जुनी फडकी.
- द्रावकाच्या वाफा अडवणारा, कोळशाचं काडतूस असलेला मास्क. साधा धुळीचा मास्क किंवा एन-९५ स्प्रेच्या वाफा अडवत नाही.

रंगाचा अंदाज असा: बऱ्यापैकी गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये दोन हात (रंगाचे दोन थर) धरून ५० ते ६० चौरस फूट होतात. २० फूट रुंद, १२ फूट उंच म्हणजे २४० चौरस फूट, म्हणजे पार्श्वभूमीला साधारण ४ ते ५ लिटर. गिलावा खरबरीत असेल तर अर्ध्याने वाढवा.

ग्राफिटीवाल्यांना सगळं स्प्रेनेच करावंसं वाटतं. गरज नाही. सपाट रंग रोलरने भरा, स्प्रे फक्त छटा, गालावरची लाली आणि कडांसाठी. खर्च खूप खाली येतो. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे कॅन गाडीच्या पत्र्यासाठी बनलेले असतात. दाब जास्त, रंग पातळ, म्हणून ओघळ येतात. हात लांब ठेवा, पटकन फिरवा, एका जागी थांबू नका. वापर झाला की कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा, टोपी तुंबत नाही.

६. वहीतलं चित्र भिंतीवर

लहान भिंतीला वहीत आणि भिंतीवर सारख्याच चौकटी आखून चित्र मोठं करणं पुरतं. वहीत १ इंच म्हणजे भिंतीवर १ फूट. पण खडूच्या शेकडो रेषा मारताना खांदा भरून येतो, म्हणून १० फुटांच्या वर मी खुणांची पद्धत वापरते. भिंतभर खडूने वाट्टेल त्या खुणा करायच्या: गोल, फुल्या, अक्षरं, पक्षी, एकसारखी एकही नको. समोरून सरळ फोटो काढायचा. फोनवर किंवा टॅबवर त्या फोटोवर आपलं स्केच अर्धपारदर्शक ठेवायचं. आता नाकाचं टोक फुलीच्या वर आहे, दप्तराचा बंद 'क'मधून जातो, असं बघत रेषा ओढत जायचं. पहिल्यांदा विश्वास बसणार नाही, दुसऱ्या तासाला मजा येते.

दर वीस मिनिटांनी खाली उतरा आणि रस्त्याच्या पलीकडे जा. जवळून बरोबर वाटणारा डोळा तिथून तिरळा दिसतो.

एका मजल्यापेक्षा उंच काम असेल तर परांची बांधणारा अनुभवी माणूसच हवा, आणि नुसता कमरेचा नाही, खांदे आणि मांड्यांनाही बांधणारा पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा. तो पट्टा परांचीला नाही, इमारतीच्या पक्क्या आधाराला अडकवायचा. गिऱ्हाईक म्हणेल, "शिडीवर होईल की." नाही म्हणा.

बायकांसाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठी: काम सुरू करण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे ते ठरवा, आणि ज्या दुकानदाराचं किंवा घराचं असेल त्यांच्याशी पहिल्याच दिवशी बोला. मी सुरुवातीला लाजून दिवसभर पाणी प्यायचे नाही. एप्रिलच्या उन्हात हे अंगाशी आलं.

७. पैसे आणि हक्क

"स्क्वेअर फुटाला किती?" हा पहिला प्रश्न येतो. एकच आकडा सांगितलात की तुम्ही रंगाऱ्याच्या रांगेत जाता आणि पात्र घडवायला गेलेलं वर्ष फुकट जातं. कोटेशनमध्ये चार ओळी वेगळ्या करा: चित्राची कल्पना आणि स्केच, रंगकाम, सामान, परांची. स्केचमध्ये दोनदा बदल मोफत, तिसऱ्याला पैसे. मी निम्मे पैसे आगाऊ घेते आणि त्याशिवाय रंग विकत आणत नाही.

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा ठरतो. एका गिऱ्हाइकाने माझं भिंतीवरचं पात्र पुढे खाऊच्या पाकिटांवर छापलं. माझ्याकडे फक्त बिल होतं, करार नव्हता. मी काही करू शकले नाही. तेव्हापासून एका पानाचा करार करते, साध्या मराठीत: चित्राचा आणि पात्राचा कॉपीराइट माझ्याकडे राहील, गिऱ्हाइकाला ही भिंत आणि तिचे फोटो प्रसिद्धीसाठी वापरता येतील, इतर कुठल्याही वस्तूवर छापायचं असेल तर वेगळे पैसे. हक्क द्यावेच लागले तर किती वर्षांसाठी आणि कुठे, हे लिहा. न लिहिल्यास कायदा पाच वर्षं आणि भारतापुरतं असं धरतो.

हक्क विकले तरी याच कायद्याच्या कलम ५७ खाली कलाकाराकडे काही उरतंच, म्हणजे आपल्या कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना ५ लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देण्याचा निकाल दिला. तेव्हा भिंत पाडण्याआधी किंवा पुसण्याआधी कलाकाराला कळवावं, हे वाक्यही करारात घाला.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. नोंदणी असली की कंपनीला तुमचे पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, आणि बिलावर नोंदणी क्रमांक दिसला की बऱ्याचदा आठवणही करावी लागत नाही. जीएसटी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला त्याची धास्ती नको.

८. भिंतीवरून कागदाकडे

पावसाळ्यात भिंती बंद, आणि नेमकं तेव्हाच दिवाळी अंकांचं काम जोरात असतं. १९०९ पासूनची ही परंपरा आपल्यासारख्यांसाठी केवढी मोठी जागा आहे, हे मला फार उशिरा कळलं. शेकडो अंक निघतात आणि त्यांना कथाचित्रं, हास्यचित्रं, मुखपृष्ठं लागतात. संपादकांना मे-जूनमध्येच लिहा, ऑगस्टमध्ये बहुतेक पानं वाटून झालेली असतात.

भिंतीची सवय असलेला हात कागदावर आधी गडबडतो. भिंतीवर रंग सगळं सांभाळून घेतो. अंकाची आतली पानं मात्र बहुतेक एकरंगी असतात, तिथे नुसती रेष उरते. म्हणून पात्र आधी काळ्या शाईत काढून बघा, आणि दीड इंचाइतकं लहान करून बघा. दप्तराचा बंद, डोळा, बोटं एकमेकांत मिसळत असतील तर रेषा कमी करा. काळ्या रेषेचं चित्र ६०० डीपीआयला (दर इंचात इतके ठिपके) स्कॅन करा, रंगीत ३०० ला. छपाईसाठी फाईल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, द्या. पडद्यावर झळकणारा पोपटी किंवा गुलाबी छापून मळकट येतो, आणि दोष छापखान्याचा नसतो.

कथेसाठी चित्र काढताना आपलं पात्र प्रत्येक ठिकाणी घुसवू नका. कथा दुसऱ्याची असते. तिथे वहीतली ती अठरा टाकाऊ माणसं बाहेर काढा.

संपादकांना पाठवायला बारा चित्रं पुरेत: आठ काळी-पांढरी, तीन रंगीत, एक भिंतीचा फोटो. फाईली हलक्या ठेवा, प्रत्येकीच्या नावात तुमचं नाव घाला. भिंतीचा फोटो अगदी समोरून, सकाळच्या सावलीत काढा आणि कुणाला तरी शेजारी उभं करा, म्हणजे आकार कळतो. माझ्या फोटोत भाजीवाल्या मावशी उभ्या आहेत, हातात मेथीची जुडी घेऊन.